शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेली भाषा

मूल घरी एक भाषा बोलतं आणि शाळेत दुसरी, हे आपल्याला नवं नाही. पण घरची भाषा, घरची गाणी-गोष्टी शाळेत शिकवायच्या की नाहीत, या प्रश्नावर एका देशात चारशे वर्षं ओढाताण चालली आहे. तो देश म्हणजे स्कॉटलंड. आज आपण त्याचीच हकिकत ऐकू या.

स्कॉटलंडमध्ये भाषा तीन. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात आणि पश्चिमेच्या बेटांवर गॅलिक. तिचं आयर्लंडच्या भाषेशी जवळचं नातं, इंग्रजीशी मात्र फार दूरचं. दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या सखल भागात स्कॉट्स, म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. आणि तिसरी इंग्रजी, कचेरीची आणि शाळेची.

१६०९ साली राजाने बेटांवरच्या सरदारांकडून काही नियम कबूल करून घेतले. त्यातला एक असा, की ज्याच्याकडे ६० गुरं असतील त्याने आपला थोरला मुलगा सखल भागातल्या शाळेत इंग्रजी शिकायला पाठवावा. मुलगा नसेल तर थोरली मुलगी. त्या काळी मुलीच्या शिक्षणाची आठवण कोणाला होती? इथे मात्र झाली, कारण घराण्याची भाषा बदलायची होती. पुढे १६१६ च्या हुकमात तर गावोगाव शाळा काढाव्यात, इंग्रजी रुजवावी आणि गॅलिक नाहीशी करावी, असं स्पष्टच लिहिलं गेलं.

१७०९ साली धर्मप्रसारासाठी एक संस्था निघाली. तिनेही डोंगराळ भागात शाळा काढल्या आणि शिकवलं इंग्रजीतून. मुलं अक्षरं घोकायची, अर्थ कळायचा नाही. अखेर १७६७ साली बायबलचा नवा करार गॅलिकमध्ये छापला गेला, तेव्हा कुठे त्या शाळांत गॅलिक वाचन आलं. धर्म मनापर्यंत पोचवायचा तर घरची भाषाच लागते, एवढं त्यांना कळून चुकलं.

आता याचा एक धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १८२९ साली स्कॉटलंडहून जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट हे मिशनरी जोडपं मुंबईला आलं. दोघंही मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या, मुलींना मराठीतून शिकवलं, आणि १८३५ साली मुंबईतच त्यांनी देह ठेवला. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरं. पण स्कॉटलंडच्या माणसांना आपल्या मुलींची भाषा शाळेत घ्यावीशी वाटली, आणि त्यांच्याच देशात गॅलिक बोलणाऱ्या मुलींच्या वाट्याला ते पुढेही फारसं आलं नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१८७२ साली स्कॉटलंडमध्ये मोठा शिक्षण कायदा झाला. ५ ते १३ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शाळा सक्तीची झाली. काम मोठं होतं, चांगलं होतं. पण त्या कायद्यात गॅलिकचं नावसुद्धा नव्हतं. वर्गात गॅलिक बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, अशा आठवणी बेटांवरच्या वृद्धांनी सांगून ठेवल्या आहेत. शाळा सर्वांची झाली. भाषा मात्र बाहेर उंबऱ्याशीच राहिली.

त्याच १८७२ सालची एका बाईची कहाणी ऐका. मेरी मॅक्फर्सन, स्काय बेटावरची. नवरा गेला, पोटासाठी परक्या घरी कामाला राहिली. मालकिणीचे कपडे चोरल्याचा आळ आला. कोर्टाचं कामकाज इंग्रजीत आणि हिची भाषा गॅलिक. तुरुंग भोगावा लागला. त्या अपमानातून तिची गाणी सुरू झाली. पुढे जमिनीवरून हुसकावलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात तिची गाणी सभासभांतून घुमली. लोक तिला ‘गाण्यांची थोरली मेरी’ म्हणू लागले. तिला गॅलिक लिहिता येत नव्हतं. १८९१ साली पुस्तक निघालं तेव्हा तिने हजारो ओळी तोंडपाठ म्हटल्या आणि दुसऱ्याने त्या उतरवून घेतल्या. आपल्या आज्या जात्यावर बसून ओव्या रचायच्या, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

गॅलिकचं हे असं, तर स्कॉट्सचं दुखणं निराळं. ती इंग्रजीच्या जवळची, म्हणून ती भाषाच नाही, अशुद्ध इंग्रजी आहे, असं मास्तर सांगायचे. १९४६ साली एका सरकारी अहवालानेही लिहिलं की ही सुशिक्षितांची भाषा नव्हे. गंमत अशी, की रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा लाडका कवी लिहायचा स्कॉट्समध्ये. २५ जानेवारीला त्याची जयंती. त्या दिवसांत मुलांनी त्याच्या कविता पाठ म्हणायच्या, शाबासकी मिळवायची. आणि एरवी तेच शब्द वर्गात तोंडून निघाले तर बोलणी खायची.

ही ओढाताण मुलीच्या मनात काय करते, हे १९३२ च्या ‘सनसेट साँग’ या कादंबरीत दिसतं. लुइस ग्रासिक गिबन यांनी लिहिलेली. तिची नायिका क्रिस शेतकऱ्याची हुशार मुलगी. तिच्या आत जणू दोन क्रिस आहेत. एकीला पुस्तकं आणि इंग्रजी शब्द ओढतात, दुसरीला काळी माती आणि घरचं बोलणं. त्याच काळात नॅन शेफर्ड या बाई ॲबर्डीनला होणाऱ्या शिक्षकांना शिकवत होत्या, आणि त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं बेधडक घरच्या बोलीत बोलत होती. २०१६ पासून स्कॉटलंडच्या एका ५ पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

मग बदल कसा झाला? एका हुकमाने नाही. १९१८ च्या कायद्यात गॅलिक भागात गॅलिक शिकवण्याची तरतूद झाली, पण अंमल सावकाश. सोर्ली मॅक्लेन हे थोर गॅलिक कवी प्लॉकटन गावच्या शाळेत हेडमास्तर होते. नव्याने गॅलिक शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी परीक्षा असावी म्हणून ते झगडले, आणि १९६० च्या दशकात ती मिळाली. १९८० नंतर आईबापांनी गॅलिक बालवाड्या चालवल्या, आणि मूल मोठं झाल्यावर पुढे काय, म्हणून मागणी लावून धरली. १९८५ साली ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला गॅलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग सुरू झाले, अगदी मोजक्या मुलांवर. २००६ साली ग्लासगोत बालवाडीपासून शेवटच्या इयत्तेपर्यंतची गॅलिक शाळा उभी राहिली.

२०१२ साली सरकारने ठरवलं, की इंग्रजीच्या मोठ्या परीक्षांत स्कॉटिश लेखकावरचा एक प्रश्न सक्तीचा. काही शिक्षकांनी नाराजी दाखवली. सक्तीने गोडी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण जे परीक्षेत नसतं ते वर्गातही हळूहळू मागे पडतं, हा अनुभवही खोटा नाही. २०२५ साली नव्या कायद्याने गॅलिक आणि स्कॉट्स दोघींना अधिकृत दर्जा मिळाला.

आता आकडे बघा. १८९१ साली गॅलिक बोलणारे अडीच लाखांहून जास्त होते. २०११ साली ५८ हजारांच्या आत आले. कारण एकटी शाळा नव्हती. जमिनी गेल्या, माणसं परदेशी गेली, नोकरीची भाषा इंग्रजी झाली. २०२२ च्या शिरगणतीत आकडा ७० हजारांच्या आसपास चढला. म्हणजे शाळांना फळ येतं आहे. पण त्याच शिरगणतीत पश्चिमेच्या बेटांवर, जिथे गॅलिक घराघरात होती, तिथेच बोलणारे निम्म्याहून कमी झाले. वर्गात भाषा शिकवता येते. ती जगते मात्र चुलीपाशी, बाजारात, भांडणात आणि अंगाईत.

म्हणून आम्हाला वाटतं, मैत्रिणींनो, की इंग्रजी नको असं कोणी म्हणू नये. क्रिसलाही पुस्तकं हवीच होती. पण शाळेत जाताना मुलीला आपली अर्धी ओळख घरी सोडून जावी लागू नये. तुमच्या घरात अहिराणी असेल, मालवणी असेल, गोंडी किंवा भिली असेल. आजीची एखादी म्हण मुलाने वर्गात सांगितली, तर बाईंनी ती फळ्यावर लिहावी. आणि बाईंनी नाही लिहिली, तर पालकसभेला जाऊन तसं सांगणं आपल्याच हातात आहे.