किल्लारी १९९३ : माळवद, भूकंप आणि गावांची फेरउभारणी

१/
२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणेश विसर्जन आटोपून मराठवाड्यातील गावे त्या रात्री उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत कोसळली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे सोळा हजार जखमी झाली.

२/
या भूकंपाचे माप ६.२ होते. जगात या मापाचे भूकंप दरवर्षी अनेक होतात आणि त्यांतील बहुतेकांची कोणी आठवणही ठेवत नाही. मग मध्यम मापाच्या या एका भूकंपाने इतके बळी का घेतले? आणि नंतरच्या पाच वर्षांत जी फेरउभारणी झाली, तिच्यातून भारत काय शिकला? या दोन प्रश्नांचा हा धागा.

३/
प्रथम नकाशा पाहू. भारताचे भूकंपीय विभाग ठरवणारे मानक १९६२ मध्ये आले. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर मानले जात असल्याने मराठवाडा सर्वांत सुरक्षित विभागात गणला गेला. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले आणि या समजुतीला पहिला तडा गेला. पुढे नकाशात कोयना परिसर वरच्या विभागात गेला. मराठवाडा मात्र होता तिथेच राहिला.

४/
कोयनेच्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेल्याने तो एक अपवाद ठरला आणि बाकीचे पठार निर्धास्त राहिले. ही समजूत किती खोल रुजली होती, याचे एक उदाहरण आहे. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार त्या पहाटे मुंबईत जागे होते. धक्का जाणवताच त्यांनी पहिली चौकशी कोयनेकडे केली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. उत्तर आले, केंद्र इथे नाही. महाराष्ट्रात भूकंप म्हटला की कोयना, हेच तेव्हाचे समीकरण होते.

५/
जमिनीने पूर्वसूचना दिली नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसराला वारंवार लहान धक्के बसत होते. ऑक्टोबर १९९२ मधला धक्का त्यांतला मोठा. लोक घाबरले, घराबाहेर झोपू लागले, सरकारकडे दाद मागू लागले. काही महिन्यांनी धक्के थंडावले आणि माणसे पुन्हा घरात परतली.

६/
इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. लहान धक्क्यांमागून मोठा भूकंप येईल की नाही, आणि आला तर केव्हा, हे तेव्हाही सांगता येत नव्हते, आजही येत नाही. पण डोक्यावरचे छप्पर किती जड आहे आणि भिंत कशाच्या आधाराने उभी आहे, हे मात्र कोणालाही तपासता आले असते. ते तपासण्याची पद्धतच आपल्याकडे अस्तित्वात नव्हती.

७/
मराठवाड्यातील जुने घर कसे असे? काळा पाषाण मुबलक, उन्हाळा कडक. म्हणून दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती. बाहेरून घडीव दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती व लहान-मोठे गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. चुन्याऐवजी मातीचाच गिलावा आणि मातीचीच सांधणी.

८/
वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळती लागली की उपाय एकच : आणखी माती टाकणे. बापाने टाकलेल्या थरावर मुलगा टाकी, मुलाच्या थरावर नातू. पिढ्यांगणिक छत जड होत गेले. उन्हात ते घर गार राही आणि पावसात कोरडे. त्यामुळे त्याच्या वजनाची चिंता करण्याचे कारण कोणालाच दिसले नाही.

९/
जमीन आडवी हलताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि बाहेरच्या व आतल्या बाजूंना ढासळले. वरून टनावारी माती खाली आली. झोपलेल्या माणसांचा बळी दगडांनी घेतला आणि मातीने गुदमरवूनही घेतला. जिथे लाकडी खांब आणि तुळया घट्ट जोडलेल्या होत्या, तिथे भिंती पडूनही छत सांगाड्यावर तरलेले तज्ज्ञांना नंतर आढळले.

१०/
आणखी एक विदारक निरीक्षण होते. गवताने शाकारलेली, कुडाच्या भिंतींची खोपटी बहुतांशी टिकली. पडली तरी माणसे बाहेर येऊ शकली. जाड भिंतींचा वाडा ही गावात ऐपतीची खूण. त्या पहाटे तीच खूण सर्वांत घातक ठरली.

११/
अशा घरांना सुरक्षित करण्याचे ज्ञान देशात नव्हते काय? होते. कच्च्या दगडी बांधकामाची भूकंपरोधकता कशी वाढवावी आणि जुनी घरे कशी मजबूत करावीत, याविषयीची भारतीय मानके नेमकी १९९३ याच वर्षाची आहेत. उपायही साधे : छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे घालणे, घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवणे, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोकणे. पण मानकाचे पुस्तक आणि गावचा गवंडी यांची कधी गाठच पडली नव्हती.

१२/
पहिल्या दिवसांत लष्कर, शासकीय यंत्रणा, स्वयंसेवी संस्था आणि राज्यभरातून आलेले सामान्य लोक धावले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. मदतीचा हा ओघ मोठा होता. पण मदत संपते तिथून पुनर्वसन सुरू होते, आणि ते किती वेगळे काम आहे हे पुढच्या वर्षांत उलगडले.

१३/
१९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला आणि १९९८ पर्यंत चालला. गावांची तीन गटांत विभागणी झाली. पूर्ण उद्ध्वस्त ५२ गावे नव्या जागी वसवायची. २२ गावांतील घरे आहे तिथेच पुन्हा बांधायची. उरलेल्या शेकडो गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे.

१४/
नव्या गावांत कोणाला केवढे घर? निकष होता जमीन. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. जुन्या गावातील विषमता अशा रीतीने नव्या गावाच्या आराखड्यातही उतरली. तरीही भूमिहीन कुटुंबांना प्रथमच नावावरचे पक्के घर मिळाले, हेही तितकेच खरे.

१५/
नवी गावे नगररचनेच्या पट्टीने आखली गेली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, एकसारखी घरे. घरे सुरक्षित होती, पण गाव विखुरले. जुन्या गावात भावकी एका बोळात राही, ओसरीवर बसून बायका निवडणे-टिपणे करीत, हाकेच्या अंतरावर माणूस असे. नव्या वसाहतीत वाटप जमिनीच्या गटानुसार झाल्याने अनेक ठिकाणी भावकी पांगली आणि ओसरी तर आराखड्यातच नव्हती.

१६/
पुढे लोकांनी आपापल्या परीने हे घर आपलेसे केले. कोणी पुढे पडवी काढली, कोणी मागे गोठा घातला, कोणी भिंतीचे कुंपण घालून अंगण अडवले. यातील बरीच वाढीव बांधकामे भूकंपरोधक नियमांना धरून नव्हती. कारण उघड आहे. घर दुसऱ्याने बांधून दिले होते. ते का टिकते आणि कशाने पडेल, हे घरमालकाला कोणी सांगितलेच नव्हते.

१७/
दोन लाख घरांच्या दुरुस्तीची कथा याच्या अगदी उलट. तिथे कंत्राटदार नव्हता. अनुदान टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती यायचे, सामान त्याने आणायचे, गवंडी त्याने लावायचा आणि अभियंत्याने तपासायचे. प्रारंभी काम अडखळले. पैसे कसे मिळणार, काय करायचे, कोणाला विचारायचे, हे लोकांना कळेना. आणि शासनालाही एवढ्या घरांपर्यंत पोचण्याचा मार्ग सापडेना.

१८/
इथे संवाद सहायक ही कल्पना पुढे आली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचे काम सोपवण्यात आले. हजारांहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. त्यांचे काम म्हणजे शासनाचा निर्णय घरोघरी समजावणे, लोकांची अडचण अभियंत्यापर्यंत नेणे आणि बांधकाम नियमाप्रमाणे होते की नाही यावर लक्ष ठेवणे.

१९/
ज्या स्त्रियांनी ग्रामसभेत कधी तोंड उघडले नव्हते, त्या आता गवंड्याला विचारू लागल्या की पट्टा सलग का नाही, कोपऱ्यात सळई का वळवली नाही. तांत्रिक ज्ञान प्रथमच पुस्तकातून उतरून अंगणात आले. या गटांतील अनेक स्त्रिया कार्यक्रम संपल्यावरही थांबल्या नाहीत. बचत गट, आरोग्य, पाणी असे प्रश्न त्यांनी हाती घेतले.

२०/
मर्यादाही नोंदवायला हव्यात. दगडाची भीती लोकांच्या मनात इतकी बसली होती की जुनी भिंत मजबूत करण्यापेक्षा त्याच अनुदानात काँक्रीटची एक नवी खोली बांधणे अनेकांनी पसंत केले. जुने घर तसेच शेजारी उभे राहिले. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता, तो सांधणीचा आणि वजनाचा होता. पण ज्यांनी आप्तांना ढिगाऱ्याखालून काढले, त्यांना हे पटवणे कोणत्याही पत्रकाला शक्य नव्हते.

२१/
२६ जानेवारी २००१. कच्छमध्ये ७.७ मापाचा भूकंप झाला. गुजरातने दोन आठवड्यांच्या आत स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. किल्लारीचा अनुभव समोर होता. बहुसंख्य गावांनी स्थलांतर नाकारले आणि आहे त्याच जागी, अनुदान घेऊन, स्वतःच्या देखरेखीखाली घरे बांधली. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील स्त्रिया कच्छच्या स्त्रियांना भेटायला गेल्या; २००४ च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूतही पोचल्या.

२२/
दिल्लीतही दृष्टी बदलत होती. दुष्काळ हीच मुख्य आपत्ती मानण्याच्या जुन्या परंपरेमुळे नैसर्गिक आपत्ती हा विषय दीर्घकाळ केंद्रीय कृषी मंत्रालयाकडे होता. २००२ मध्ये तो गृह मंत्रालयाकडे गेला. डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. संकटानंतरच्या मदतीइतकेच संकटापूर्वीच्या तयारीलाही त्यात कायदेशीर स्थान मिळाले.

२३/
नकाशाही बदलला. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला. म्हणजे भारतात भूकंपापासून पूर्ण निर्धास्त असा भाग नाही, हे अधिकृतपणे मान्य झाले. किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. पण नकाशावरचा रंग बदलला म्हणून छत हलके होत नाही. माळवदाची घरे मराठवाड्यात आजही उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात.

२४/
२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणी परिसराला ४.५ मापाचा धक्का बसला. हानी फारशी झाली नाही. त्या दिवशी नांदेड जिल्हा प्रशासनाने नागरिकांना एक साधी सूचना केली : वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर दगड ठेवले असतील, तर ते काढून घ्यावेत. तीस वर्षांपूर्वी किल्लारीत धक्के बसत होते, तेव्हा छताच्या वजनाविषयी असा एक शब्द घरोघरी पोचला असता तर किती जीव वाचले असते, याचा हिशेब आता मांडता येत नाही. पुढचा धक्का येण्यापूर्वी आपल्या गावातले माळवद किती जाड आहे, एवढे मात्र कोणीही वर चढून पाहू शकतो.