तळटीप २७ : न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग

२७. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग (एनएलपी) : माणसाच्या बोलण्यावरून त्याची विचार करण्याची रीत ओळखता येते व बदलता येते, असे मानणारी पद्धती. १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील विद्यार्थी रिचर्ड बँडलर आणि भाषाशास्त्राचे अध्यापक जॉन ग्राइंडर यांनी ती मांडली. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटीर, मिल्टन एरिक्सन हे नामांकित मानसोपचारक रुग्णांशी बोलतात कसे, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. या पद्धतीतला मोलाचा भाग तोच. ‘मला कुणी समजून घेत नाही’ असे कोणी म्हटले, की ‘कुणी म्हणजे नेमके कोण?’ असे विचारून गाळलेला तपशील बोलणाऱ्याकडूनच वदवून घ्यायचा, हे त्यांचे एक तंत्र. प्रस्तुत उताऱ्यात लेखकाने आधार घेतला आहे तो मात्र ‘नजरेच्या खुणां’चा : डोळे वर गेले की माणूस मनात चित्र पाहतो, आडवे सरकले की आवाज आठवतो. याला प्रयोगांत पुष्टी मिळालेली नाही. नजरेवरून खोटेपणा ओळखता येतो, हा दावाही रिचर्ड वाइजमन व सहकाऱ्यांच्या २०१२च्या संशोधनात टिकला नाही. पुढील पानावरचा साक्षीदाराविषयीचा निष्कर्ष वाचकांनी लेखकाचे वैयक्तिक मत म्हणूनच वाचावा. — संपा.