उभी टाकी, आडवे प्रश्न

नगरच्या माणसाने पाण्याचा शौक करावा म्हणजे टकलू माणसाने कंगवे जमवावेत, असे आमच्या बँकेतल्या हेड कॅशियरचे मत आहे. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात हे मत खोडून काढणे कठीण. पण इतिहास माझ्या बाजूने उभा आहे, आणि तोही चांगला भक्कम, अष्टकोनी!

1490 साली मलिक अहमदाने हे शहर वसवले. (2024 पासून ते अहिल्यानगर झाले, तरी स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर' असेच ओरडतो.) पुढे मुर्तझा निजामशहाच्या काळात भर तळ्यात एक महाल बांधला गेला, तो फराहबाग. पहिली बांधणी शहाला पसंत पडली नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधली असे सांगतात. 1583 साली काम पुरे झाले. कापूरवाडीसारख्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणण्याची कला निजामशाहीला साधली होती. थोडक्यात, दिवाणखान्याभोवती पाणी ठेवायची हौस नगरला चारशे वर्षांपासून आहे. मी फक्त पाण्याभोवती दिवाणखाना ठेवायचे म्हणत होतो.

बेत असा होता. सावेडीच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, ऑर्डर देऊन करून घेतलेली काचेची उभी टाकी. लांबी 75 सेंटिमीटर, रुंदी 45 आणि उंची तब्बल 90. आत मासे नावापुरते. खरी वस्ती जिवंत पाणवनस्पतींची. तळापासून वरपर्यंत डुलणारी हिरवीगार पाती! जमीन नसलेल्या कारकुनाची ही बागायती.

आता पाण्यातल्या झाडांचे एवढे कौतुक कशाला? वाचकहो, इथे जगाचा इतिहास थोडा उघडावा लागतो. 1771 साली इंग्लंडात प्रीस्टली नावाच्या गृहस्थाने काचेखाली बंद करून 'बिघडलेल्या' हवेत पुदिन्याची काडी ठेवली आणि ती हवा पुन्हा श्वासायोग्य झालेली पाहिली. 1779 मध्ये इंगेनहाऊझने दाखवले की हे काम झाड उजेडातच करते. शाळेत हायड्रिलावर नरसाळे पालथे घालून आपण जे बुडबुडे मोजले, त्यांची ही वंशावळ! 1845 साली तिकडे काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. मग 1850 मध्ये लंडनच्या वॉरिंग्टन नामक रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, माशांच्या विष्ठेवर झाडे पोसली. जमाखर्च बरोबर जुळला!

कॉमर्सच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावे असा हा ताळेबंद आहे. मासा जे नावे टाकतो, ते झाड जमा करून घेते. आमच्या शाखेत मार्चअखेरीस तीन अधिकारी रात्रभर जागूनही जे साधत नाही, ते चार गोगलगायींनी साधले होते. 1854 साली गॉस यांच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि माझा बेत त्याच परंपरेतला शेवटचा दुवा होता.

हा दुवा काचवाल्याने तोलून पाहिला. "साहेब, लांबी वाढवा, उंची नको," तो म्हणाला. "पाणी उंचीनं ढकलतं." त्याचे म्हणणे कागदावर मांडले तर हिशेब असा निघाला: 90 सेंटिमीटर उंचीला समोरच्या एका काचेवर सुमारे तीनशे किलोचा रेटा. उंची निम्मी केली, तर रेटा निम्मा नव्हे, एकचतुर्थांश. शिवाय तळाशी उजेड पोचेना, म्हणजे खालची झाडे उपाशी. मोठा माणूस झाला तरी त्याचा हात खांद्यापासून फार तर सत्तर सेंटिमीटर, म्हणजे तळातले रोप सरळ करायला दरवेळी मी स्वतःच टाकीत उतरणार. आणि पाणी तीनशे लिटर. काच, वाळू, स्टँड धरून चारशे किलो, म्हणजे चार क्विंटल ज्वारी एका कोपऱ्यात!

"ज्वारीचं एक वेळ ठीक आहे," सौभाग्यवती म्हणाल्या, "निदान ती खाता येते."

आई मात्र काहीच बोलली नाही. ती बोलते कमी. 1972 च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती; तिचे वडील खडी फोडायला जायचे आणि ती विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायची. घागर भरायला किती वाट्या लागतात, हा हिशेब तिला अजून पाठ आहे. रात्री जेवताना तिने एवढेच विचारले, "बाळ, तीनशे लिटर म्हंजी किती घागरी रे?"

मी सांगितले, "वीसेक."

"आन् ते नुसतं बघायचं?"

ह्या प्रश्नाला प्रीस्टलीकडे उत्तर नाही. मुळा धरणाचे पाणी नळाला येते म्हणून प्रश्न मिटत नाही. फराहबागेचा महाल आजही उभा आहे, तळे मात्र नाही. दगड टिकवणे आमच्या गावाला जमले; अवघड पडते ते पाणी.

दोन दिवस विचार करून मी नवा नकाशा तिच्यापुढे ठेवला. उंची 45, पाणी दीडशे लिटर. आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा, म्हणजे दोन-अडीच बादल्या. आणि ते पाणी मोरीत न जाता तिच्या गच्चीवरच्या तुळशीला, कढीपत्त्याला आणि दोन टोमॅटोंना. माशांचे पाणी झाडांना खतासारखे लागू पडते, हेही सांगितले.

तिने चष्मा लावून नकाशा उलटसुलट पाहिला. "म्हंजी कुंड्यांना वेगळं पाणी नको?"

"नको."

"मग कर. पन बादली मी उचलनार नाही. तू उचल."

टाकीची ऑर्डर गेली. हेड कॅशियरनी विचारले, "काय हो, निम्मी का केली?" मी म्हटले, "मंजुरी निम्म्याचीच मिळाली, आणि हप्ता बादल्यांत भरायचा आहे."