साखर आणि किण्व

घरीं केलेल्या बीअरमध्यें बाटली भरतेवेळीं थोडी साखर घालण्याची पाश्चात्य रीत आहे. तिचें मर्म पुष्कळांस वाटतें तसें गोडींत नाहीं. उरलेलें किण्व ती साखर खाऊन टाकतें, बुचाखालीं कोंडलेला कर्बद्विप्राणिद वायु पेयांत विरतो, आणि फेंस येतो तो त्याचा. लिटरास पांचसात ग्रॅम पुरे. फार झाली तर बाटलीच फुटावयाची. युक्ति शास्त्राहून जुनी आहे. इंग्लंडांतील पिंपवाले मद्यास फेंस आणण्यासाठीं साखर घालतात, हें क्रिस्तोफर मेरेट यानें १६६२ सालींच रॉयल सोसायटीपुढें मांडलें. पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ निघावयास १८७६ साल उजाडलें.

सावंगी (मेघे) हें वर्ध्यालगतचें गांव. जिल्ह्यांत १९७४ पासून दारूबंदी असल्यामुळें हा प्रयोग तेथें कोणी करावा असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु किण्वाशीं या भागाचा झगडा त्याहून जुना आहे. शिंदीचा रस झाडावरच आंबूं लागतो व दुपार होईतों मादक बनतो. १९३४ मध्यें वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या चळवळींत, मडक्यास आंतून चुना लावून हा रस गोड राखण्याचा व आटवून गूळ करण्याचा धंदा पुढें आला; शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, गजानन नाईक यांनीं तो चालविला. दारू बंद झाली तरी झाडावर चढणाऱ्याचें पोट बंद होऊं नये, हा त्यांतील विचार आम्हांस मोलाचा वाटतो. नुसत्या कायद्यास तो सुचत नाहीं. मात्र चुना कमी पडला किंवा कढई चढविण्यास उशीर झाला, कीं गूळ नीट बसत नाहीं. आंबलेल्या रसाला मग गिऱ्हाईक एकच.