कल्पना की कॅमेरा?

गोष्ट १८५०च्या दशकातली. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढी. त्या वेळच्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या. पाणी नीट उमटेपर्यंत थांबावे, तर आकाश पांढरेफटक! मग तो कधी कधी समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, अशा दोन जोडून एकच चित्र छापत असे.

हे आठवले ते अमेरिकेतल्या एका निकालामुळे. यू आणि झांग या दोघांनी १९९९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि २००३ साली त्यांना ते मिळाले. कॅमेरा एक, पण त्यात शेजारी शेजारी दोन भिंगे आणि दोन सेन्सर. एका चित्राच्या मदतीने दुसरे सुधारणारा प्रोसेसर. पुढे त्यांनी अ‍ॅपल व सॅमसंगवर दावा लावला. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तो सुरुवातीलाच काढून टाकला. प्रकरण फेडरल सर्किट या अपील न्यायालयात गेले आणि ११ जून २०२१ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी यू-झांग हरले.

बहुमताचे म्हणणे असे, की एका फोटोने दुसरा सुधारणे ही नुसती अमूर्त कल्पना आहे. छायाचित्रकार शंभराहून अधिक वर्षे हे करत आले आहेत, आणि भिंगे-सेन्सर तर नेहमीचेच. मोठ्या अर्जात चार भिंगांच्या खास रचनेचे वर्णन होते, पण हक्क मागताना दोनच भिंगे लिहिली होती. आम्हा मास्तरांच्या भाषेत, कच्च्या कामात उत्तर होते, पण उत्तरपत्रिकेत उतरवले नाही!

तिसऱ्या न्यायाधीश पॉलिन न्यूमन, तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी भिन्नमत नोंदवले: ठरावीक रचनेचे यंत्र म्हणजे अमूर्त कल्पना नव्हे. ते नवे आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. तो स्वतंत्रपणे तपासावा.

मला त्यांचे पटते. विद्यार्थ्याची रीत जुनी असेल तर तसे दाखवून गुण कापावेत, पण "तू काही केलेच नाहीस" म्हणू नये. ल ग्रेचे उदाहरण देऊन यू-झांगना हरवता आले असते की नाही, कोण जाणे. पण तो वाद पुराव्यानिशी व्हायला हवा होता. तो झालाच नाही, याची चुटपुट लागते.

असो. तुम्हाला काय वाटते?