थ्रेड : विसरलेले दिवे आणि आठवण देणारी घंटी

१/ १९७० च्या दशकातील एखादी मालवाहू व्हॅन. भर दुपारी पाऊस म्हणून लावलेले हेडलाइट तसेच राहतात. चालक इंजिन बंद करून निघून जातो. रात्री परतल्यावर किल्ली फिरवावी, तर बॅटरी मेलेली. आजच्या गाडीत दार उघडताच टिंग-टिंग वाजते. त्या इवल्याशा आवाजामागे मोठा इतिहास आहे.

२/ आरंभीच्या मोटारींना हा प्रश्नच नव्हता. दिवे बहुधा अ‍ॅसिटिलीन वायूचे आणि इंजिन सुरू करायचे ते समोरून हँडल मारून. हे काम कष्टाचे आणि धोक्याचेही. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडत असे.

३/ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला. दिवेही त्याच विद्युत व्यवस्थेवर चालू लागले. हँडलचा जाच सुटला. पण प्रकाश देणारी आणि इंजिन जागे करणारी बॅटरी आता एकच झाली. दिव्यांचा विसर म्हणजे प्रवासाचा शेवट, हे समीकरण इथे जन्मले.

४/ तरीही धोका लगेच जाणवला नाही, कारण पुढे कित्येक दशके अनेक गाड्यांसोबत हँडल मिळत असे. बॅटरी उतरली तर हात होतेच. हँडल नाहीसे झाले, तेव्हा उरला तो धक्का. स्वयंचलित गिअरच्या बहुतेक गाड्यांमध्ये तोही उपाय संपला.

५/ हिशेब साधा आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत त्यांना सुमारे ९ अ‍ॅम्पिअर प्रवाह लागतो. मागचे दिवे धरून १० च्या आसपास. ४५ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी साधारण साडेचार तासांत रिती होते. सेल्फ मारण्यापुरती ताकद तर त्याआधीच संपते. कडाक्याच्या थंडीत हा अवधी आणखी आखडतो.

६/ गाडीने माणसाला आवाज देऊन काही सांगावे, ही कल्पना कायद्यात आली ती मात्र चोरीच्या भीतीने. किल्ली आत विसरलेल्या गाड्या चोरांना आयत्याच मिळत. म्हणून १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेतील नव्या प्रवासी मोटारींना नियम लागू झाला : किल्ली आत असताना चालकाचे दार उघडले, तर इशारा मिळालाच पाहिजे. व्हॅन आणि हलके ट्रक सुरुवातीला या नियमाबाहेर होते.

७/ पुढचे पाऊल मात्र फसले. १९७४ च्या अमेरिकी मोटारींमध्ये पुढच्या आसनांचे पट्टे लावल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. हेतू जीव वाचवण्याचा. पण लोक संतापले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अशी सक्ती करण्यास मनाई केली आणि पट्ट्यांच्या सक्तीच्या बझरलाही आठ सेकंदांची मर्यादा घातली. यंत्राने आठवण द्यावी हे लोकांनी स्वीकारले; अडवावे हे नाही.

८/ इकडे युरोपात विसरण्याची शक्यताच वाढली. १ ऑक्टोबर १९७७ पासून स्वीडनने दिवसाही दिवे लावणे बंधनकारक केले. रात्री समोरच्या भिंतीवरचा उजेड चालकाला सावध करतो. उन्हात तो दिसतच नाही. त्यामुळे व्होल्वोसारख्या स्वीडिश कंपन्यांनी दिवे इग्निशनशी जोडण्याचा मार्ग धरला.

९/ मग सगळीकडे दिवे आपोआप का विझवले नाहीत? कारण कधी ते मुद्दाम चालू ठेवावे लागतात. अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला बिघडून उभ्या असलेल्या व्हॅनचे मागचे दिवे हेच तिचे संरक्षण. विसरलेला दिवा आणि ठेवलेला दिवा यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो चालकालाच ठाऊक असतो. घंटी निर्णय घेत नाही, विचारते.

१०/ कामकरी वाहनांत अशा सोयी सहसा उशिरा पोहोचल्या. म्हणून जुन्या व्हॅनचे मालक ही घंटी स्वतः बसवत आले. रचना विलक्षण सोपी : बझरची एक तार साइड लाइटच्या फ्यूजला, दुसरी इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजला. इंजिन चालू आणि दिवेही चालू, तेव्हा दोन्ही टोकांना १२ व्होल्ट. फरक नाही, म्हणून प्रवाह नाही, म्हणून शांतता.

११/ किल्ली बंद होताच दुसऱ्या टोकाचे व्होल्टेज नाहीसे होते. त्या फ्यूजवरील इतर उपकरणांमधून प्रवाहाला अर्थची वाट मिळते आणि बझर वाजू लागतो. सोबत एक डायोड लागतो. तो नसेल, तर दिवे बंद आणि इग्निशन चालू असताना प्रवाह उलटा जाऊन भलत्या वेळी बझर वाजू शकतो. एक बझर, एक डायोड, दोन तारा : एवढेच.

१२/ भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो आणि विझतो. तिथे विसरण्यासारखे काही उरलेच नाही, निवडण्यासारखेही नाही. जुन्या व्हॅनमधली घंटी दुसऱ्या विचाराची खूण आहे. हँडल गेल्यावर माणसाची स्मृती हाच गाडीचा कच्चा दुवा ठरला. त्या स्मृतीला आधार मिळाला, पण दिव्याच्या बटणावरचा हात माणसाचाच राहिला.