रझाकार (चित्रपट)

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आधारित मराठी चित्रपट (2015). दिग्दर्शक राज दुर्गे; प्रमुख भूमिकेत सिद्धार्थ जाधव. निजामी राजवटीतील रझाकारांचा, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, जुलूम हा त्याचा विषय. तुटपुंज्या खर्चात केलेला हा युद्धकालीन चित्रपट विषय निवडण्याचे धाडस दाखवतो, पण त्या लढ्याच्या आवाक्याला पुरा पडत नाही, आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याच्या प्रेक्षकाला ही उणीव जाणवते.

कारण मूळ सामग्रीच विलक्षण आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करत असे. म्हणजे जुलमाचे एक मूळ इथल्याच कोर्टकचेरीत होते. 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. सुमारे वीस लाखांची रोकड हाती लागली, ती लढ्याच्या कामी लावली गेली आणि तिचा हिशेबही पुढे सरकारला देण्यात आला. लुटीचा हिशेब चोख ठेवणारी माणसे कोणत्याही पटकथाकाराला हेवा वाटावा अशी पात्रे आहेत. भारताची लष्करी कारवाई 13 सप्टेंबरला सुरू झाली. सोलापूरकडून आलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

पडद्यावर रणगाडे आणि फौजफाटा उभा करायला पैसा लागतोच. उमरीसाठी मात्र एक गाव, एक बँक आणि जिवावर उदार झालेली मोजकी माणसे पुरतात. याच विषयावर 2024 मध्ये याटा सत्यनारायण यांचा ‘रझाकार’ हा तेलुगू चित्रपट आला. तो मराठी चित्रपटाचा पुढचा भाग नव्हे.